ग्रंथालयाचे पुस्तक आणि मागून येणारा वाचक

पुस्तक एकदा दुसऱ्याच्या हाती गेले म्हणजे ते गेलेच असे समजावे, अशा आशयाचे एक जुने संस्कृत सुभाषित आहे. सुभाषितकाराने पुस्तकाच्या पंक्तीस द्रव्यही बसविले आहे. आणि यदाकदाचित ही परत आलीच तर द्रव्य तुकड्यातुकड्यांनी येते व पुस्तक जीर्ण होऊन येते, असा टोलाही शेवटी मारला आहे. हा सुभाषितकार अनुभवी गृहस्थ असला पाहिजे यात संशय नाही. ज्याने ज्याने म्हणून स्नेह्यास पुस्तक उसने दिले आहे, त्यास या वचनाचा अर्थ निराळा सांगावा लागत नाही. सार्वजनिक ग्रंथालय ही मात्र नेमके या सुभाषितास खोटे पाडण्याकरिता निघालेली संस्था आहे. पुस्तक परक्याच्या हाती द्यावे, ते परत यावे, धड यावे, आणि लागलीच दुसऱ्या परक्याच्या हाती जावे, या एका विश्वासावर तिची सारी उभारणी झालेली असते. सुभाषितकार खरा की ग्रंथालय खरे, याचा निकाल ग्रंथपाल लावीत नाही, सरकारही लावीत नाही. तो दररोज वाचक लावीत असतो.

महाराष्ट्रात या विश्वासाची परीक्षा फार दिवसांपासून चालू आहे. रत्नागिरीचे नगर वाचनालय १८२८ मध्ये, नाशिकचे सार्वजनिक वाचनालय १८४० मध्ये, पुण्याचे, आज नगर वाचन मंदिर या नावाने ओळखले जाणारे ग्रंथालय १८४८ मध्ये, आणि कोल्हापूरचे करवीर नगर वाचन मंदिर १८५० मध्ये स्थापन झाले. पुढे मराठी ग्रंथांचा संग्रह हाच मुख्य हेतू धरून ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ मध्ये व मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८ मध्ये निघाले. या संस्थांची कपाटे एखाद्या धनिकाच्या एकाच देणगीने भरली असे झाले नाही. कोणी वर्गणी दिली, कोणी घरचे ग्रंथ दिले, कोणी नोकरीधंदा सांभाळून संध्याकाळी विनावेतन देवघेवीचे काम पाहिले. थेंबे थेंबे तळे साचे या म्हणीचे इतके चोख उदाहरण दुसरे क्वचितच सापडेल.

बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी आपल्या राज्यात १९०६ मध्ये प्राथमिक शिक्षण सर्वत्र सक्तीचे केले. परंतु शाळेत अक्षर शिकलेला मुलगा पुढे वाचावयास काही नसल्यास ते अक्षर विसरतो, हे त्यांच्या ध्यानी आले. यास्तव १९१० मध्ये बॉर्डन नामक अमेरिकन ग्रंथपालास बोलावून त्यांनी राज्यभर ग्रंथालयांचे जाळे विणण्यास आरंभ केला. ज्या खेड्यात ग्रंथालय नव्हते तेथे पुस्तकांच्या पेट्या फिरू लागल्या. या योजनेतील एक गोष्ट विशेष लक्षात ठेवण्यासारखी आहे. गावाने जेवढी रक्कम उभी करावी, तेवढीच स्थानिक पंचायतीने व तेवढीच सरकारने घालावी, असे तिचे धोरण होते. म्हणजे ग्रंथालय सरकारने वरून टाकलेले दान न राहता त्यात गावाचा स्वतःचा वाटा असे. स्वतंत्र भारतात महाराष्ट्र राज्याने १९६७ मध्ये सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला, आणि त्यान्वये मान्य झालेल्या ग्रंथालयांना त्यांच्या वर्गाप्रमाणे अनुदान मिळू लागले. तेव्हा आज ग्रंथालयाच्या प्रत्येक पुस्तकात वर्गणीदाराचा पैसा आहे, देणगीदाराचा आहे, आणि ज्याने ग्रंथालयाची पायरी कधी चढली नाही अशा करदात्याचाही आहे.

इतके धनी असलेल्या वस्तूची निगा उत्तम राहावी असे कोणासही वाटेल. पण व्यवहार उलटा असतो. दोन घरचा पाहुणा उपाशी, ही म्हण उगाच पडलेली नाही. जे सर्वांचे ते कोणाचेच नव्हे, असा एक समज समाजात नकळत रुजतो. स्वतःच्या पुस्तकास जिवापाड जपणारा सद्गृहस्थही ग्रंथालयाच्या पुस्तकावर चहाची कपबशी ठेवताना कचरत नाही. त्याच्या मनात दुष्टावा असतो असे नाही. त्याच्या डोळ्यांसमोर त्या पुस्तकाचा धनी उभा राहत नाही, एवढेच. यावर उपाय एकच आहे. धनी डोळ्यांसमोर येत नसेल तर न येवो, परंतु मागून येणारा वाचक डोळ्यांसमोर आणावा. ग्रंथालयातून आणलेल्या प्रत्येक पुस्तकामागे एक अनोळखी मनुष्य उभा असतो. त्याचे नाव ठाऊक नसते, त्याची भेट कधी व्हावयाची नसते; परंतु ते पुस्तक त्याच्याकडे जावयास निघालेले असते आणि हातातला वाचक हा वाटेवरील केवळ एक मुक्काम असतो. वाचकाची सारी कर्तव्ये या एका विचारातून आपोआप निघतात.

पहिले कर्तव्य वेळेचे. मुदत संपली तरी पुस्तक घरी पडून राहते, वाचलेले असते तरीही पडून राहते, आणि दंडाचे चार पैसे भरले की हिशेब फिटला असे वाचकास वाटते. हा हिशेब मुळातच चुकीचा आहे. दंड ग्रंथालयाच्या पेटीत जातो. ज्याचा खोळंबा झाला त्याच्या पदरी त्यातील काही पडत नाही. दिवाळी अंकांचे उदाहरण घ्यावे. काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ मध्ये ‘मनोरंजन’ मासिकाचा दिवाळी अंक काढला तेव्हापासून ही प्रथा मराठीत रूढ झाली, आणि ठिकठिकाणची ग्रंथालये निराळी वर्गणी घेऊन हे अंक सभासदांत आळीपाळीने फिरवितात. समजा, एक अंक प्रत्येकाने ४ दिवस ठेवावा असा नियम आहे, व हे वाचन १२० दिवस चालते. त्या अवधीत एक अंक ३० घरी जाऊन येईल. आता प्रत्येकाने केवळ दोन दिवस अधिक ठेवला तर तोच अंक २० घरीच पोहोचेल. प्रत्येकाचा अपराध दोन दिवसांचा, तोही क्षुल्लक. परंतु १० वर्गणीदारांच्या हाती अंक पडलाच नाही. या दहांस आपला वाटा कोणी घेतला हे कधी कळत नाही, आणि घेणाऱ्यांसही आपण काही घेतले असे वाटत नाही. सार्वजनिक जीवनातील पुष्कळशी हानी याच रीतीने होत असते.

परीक्षेच्या दिवसांत ही गोष्ट अधिकच तीव्र होते. एखाद्या विषयावरील उत्तम ग्रंथाची ग्रंथालयात एकच प्रत असते, आणि ती एका विद्यार्थ्याने दडवून ठेवली म्हणजे दुसऱ्या गरीब विद्यार्थ्याचे वर्ष पणास लागते. ज्याला ग्रंथ विकत घेण्याची ऐपत आहे त्याचे काही अडत नाही. ग्रंथालयावरच ज्याची भिस्त आहे तोच अडतो. म्हणून मुदत पाळणे हा नुसता शिस्तीचा प्रश्न समजू नये, तो न्यायाचा प्रश्न आहे. मुदतीत वाचन पुरे होत नसेल तर ग्रंथालयात जाऊन वा कळवून मुदत वाढवून घ्यावी. मागणी नसेल तर कोणताही ग्रंथपाल ती आनंदाने देतो. आणि जेवढी वाचून होतील तेवढीच पुस्तके न्यावीत.

दुसरे कर्तव्य पुस्तकाच्या शरीराचे. मुद्रणकला येण्यापूर्वी पोथ्या हाताने लिहिल्या जात, तेव्हा ग्रंथाचे मोल प्रत्येकास उमजे. समर्थ रामदासांनी दासबोधात लेखनक्रियेवर एक स्वतंत्र समास लिहिला असून, त्यात अक्षर कसे काढावे येथपासून पोथीकरिता बासने, मेणकापडे, पेट्या व कुलुपे यांची तजवीज कशी ठेवावी येथपर्यंत सांगितले आहे. जुन्या पोथ्यांच्या शेवटी लेखक पाठ, कंबर व मान मोडून केलेल्या आपल्या श्रमाची आठवण देई. आणि काही पोथ्यांत तर स्वतः पोथीच बोलत असे. तेलापासून मला राख, पाण्यापासून राख, सैल बांधणीपासून राख, आणि मूर्खाच्या हाती मला देऊ नकोस, अशी तिची विनवणी असे. छापील पुस्तक स्वस्त झाले आणि ही विनवणी थांबली. परंतु शत्रू तेच राहिले.

किंबहुना आजच्या पुस्तकास ती विनवणी करण्याचे कारण अधिकच आहे. जुन्नरी व दौलताबादी हातकागदावरील पोथ्या दोन-तीन शतके टिकल्या. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून लाकडाच्या लगद्याचा स्वस्त कागद छपाईस वापरला जाऊ लागला. या कागदात आम्लाचा अंश असतो. तो काळाबरोबर कागदाचे तंतू खाऊन टाकतो, पाने तांबूस पडतात व अखेर दुमडली की तुटतात. वाचकाने खूण म्हणून पानाचा कोपरा दुमडला की त्या रेषेवरचे तंतू तेव्हाच मोडतात. तरुण पुस्तक ते सोसते, साठ वर्षांच्या पुस्तकाचा तो कोपरा गळून हातात येतो. खुणेकरिता कागदाची एक पातळ पट्टी पुरेशी आहे. पेन्सिल, काडी, फूल किंवा टाचणी घालू नये. जाड वस्तूने शिवण उसवते, फुलाचा डाग पडतो आणि टाचणी पावसाळ्यात गंजून पानास भोक पाडते. बोट जिभेला लावून पान उलटण्याची सवय आरोग्यासही घातक आणि कागदासही घातक. जेवताना वाचल्यास पानांत अन्नाचे कण राहतात व त्यांच्या मागे मुंग्या आणि झुरळे कपाटापर्यंत पोहोचतात. कोकणासारख्या दमट प्रांतात ओलसर पुस्तक परत करणे म्हणजे शेजारच्या पुस्तकांस बुरशीची लागण करणे होय. भिजलेले पुस्तक तसेच खपवू नये, ते भिजल्याचे सांगून वेगळे द्यावे.

या बाबतीत सद्हेतूनेही अपाय होतो. पान फाटले म्हणून भला वाचक घरीच त्यावर चिकटपट्टी लावतो. काही वर्षांनी तिचा डिंक पिवळा पडतो, कागदात मुरतो, आणि पट्टी गळून पडली तरी अक्षरांवरचा डाग जात नाही. फाटलेले पान ग्रंथपालास दाखवावे. दुरुस्तीचे काम ज्याचे त्याने करावे. वर्तमानपत्राचे वेष्टन घालणेही तितकेच अनिष्ट, कारण त्या हलक्या कागदाचे आम्ल व शाई मुखपृष्ठास लागते. कपाटातून पुस्तक काढताना पाठीचे वरचे टोक बोटाने ओढण्याची रीत सर्वत्र आहे. त्याने प्रथम पाठ फाटते व मग बांधणी सुटते. दोन्ही बाजूंची पुस्तके किंचित मागे सारून मधले पुस्तक मध्यावर धरून काढावे. छायाप्रत काढण्याकरिता जुने पुस्तक उताणे दाबू नये. अनेक ग्रंथालयांनी दुर्मीळ ग्रंथांच्या संगणकीय प्रती करून घेतल्या आहेत. जेथे त्या असतील तेथे मूळ ग्रंथ मागण्याचा हट्ट धरू नये.

तिसरे कर्तव्य पुस्तकाच्या अक्षरांचे. समासात आपली मते लिहिणारे, आवडलेल्या ओळींखाली शाईच्या रेघा ओढणारे, कादंबरीच्या पहिल्या पानावर शेवट उघड करून ठेवणारे वाचक प्रत्येक गावी आहेत. त्यांची मते मौलिक असू शकतील. परंतु मागून येणाऱ्याने ती मागितलेली नाहीत. याहून घोर कृत्य म्हणजे चित्र, कोष्टक, पाककृती अथवा नोकरीची जाहिरात कापून नेणे. एक पान कापले म्हणजे पुस्तकाचा शंभरावा हिस्सा गेला असा हिशेब करता येत नाही. ज्याला तेच पान पाहिजे होते त्याचे सारे पुस्तक गेले. शंकर गणेश दाते यांनी १८०० पासून १९३७ पर्यंतच्या मराठी ग्रंथांची सूची सिद्ध केली. अशा सूचिकारास ग्रंथाचे नाव, कर्ता, मुद्रणस्थळ व वर्ष हे सारे नामपृष्ठावरून मिळते. ते एक पान कोणी फाडले असेल आणि दुसरी प्रत कोठे उरली नसेल, तर त्या ग्रंथकर्त्याचे नाव मराठी वाङ्मयाच्या इतिहासातून पुसले जाण्याची वेळ येते. फाडणाऱ्यास कदाचित पाठकोऱ्या कागदाचा तुकडा हवा होता.

चौथे कर्तव्य जागेचे, आणि ते बहुतेकांस ठाऊक नसते. ग्रंथालयातील प्रत्येक पुस्तकास एक क्रमांक असतो व त्या क्रमांकानेच त्याची जागा ठरते. अमेरिकेत १८७६ मध्ये मेल्विल ड्यूई याने काढलेली दशांश पद्धती पुष्कळ ग्रंथालयांत चालते. तिच्यात मराठी साहित्यास ८९१.४६ हा अंक आहे. पाहून झालेले पुस्तक वाचकाने सौजन्याने पण अंदाजाने कपाटात खोचले आणि ते दोन फळ्या खाली गेले, तर ते ग्रंथालयात असूनही हरवले. नोंदवहीत ते आहे, कोणी नेलेले नाही, आणि तरीही कोणास सापडत नाही. पुढची वार्षिक मोजणी होईपर्यंत मागणारा वाचक रिकाम्या हाताने परत जातो. म्हणून पाहिलेली पुस्तके टेबलावरच ठेवावीत. ती जागी लावण्याचे काम सेवकांचे आहे. आपल्या सोयीकरिता हवे ते पुस्तक मुद्दाम भलत्या कपाटात लपवून ठेवणाऱ्यांविषयी काय बोलावे! चोरी करणारा निदान ते वाचतो तरी.

वाचनकक्षाचे नियम थोडे व सर्वश्रुत आहेत. एका वेळी एकच वर्तमानपत्र घ्यावे, पाच बगलेत धरून बसू नये. शब्दकोडे त्यावरच सोडवू नये. भ्रमणध्वनी मुका ठेवावा व बोलणे असल्यास बाहेर जाऊन बोलावे. स्पर्धापरीक्षांचा अभ्यास करणाऱ्या तरुणांची अभ्यासिकांत गर्दी होते, आणि पहाटे येऊन खुर्चीवर पिशवी ठेवून दुपारी उगवण्याची युक्ती त्यांच्यापैकी काहींस साधली आहे. ज्याच्या दोन खोल्यांच्या घरात सात माणसे राहतात, त्याच्याकरिता ती खुर्ची म्हणजे अभ्यासाचे एकमेव ठिकाण असते. रिकाम्या पिशवीने तिच्यावर बसावे यासारखी विटंबना नाही. शांतता ही देखील ग्रंथालयाची मालमत्ता आहे, आणि ती मोडली तर तिची भरपाई दंडाने होत नाही.

इतकी काळजी घेऊनही पुस्तक कधी हरवते, कधी लहान मूल ते फाडते, कधी प्रवासात राहून जाते. अशा वेळी लाजेने ग्रंथालयाकडे पाठ फिरविणारे वाचक असतात. त्यामुळे ग्रंथालय पुस्तकास मुकते व सभासदासही मुकते. झाला प्रकार सरळ सांगावा, शक्य असल्यास त्याच आवृत्तीची प्रत मिळवून द्यावी, न मिळाल्यास ग्रंथालय सांगेल ती किंमत भरावी. प्रामाणिक वाचकावर रागावणारा ग्रंथपाल विरळा. ग्रंथपाल व त्याचे सहकारी तुटपुंज्या वेतनावर हा संसार चालवीत असतात, आणि त्यांच्याशी गोड बोलण्यास वर्गणी पडत नाही.

या साऱ्याचा परिणाम एका फार मोठ्या गोष्टीवर होत असतो. मध्ययुगीन युरोपात ग्रंथ साखळीने फळीस बांधून ठेवीत. इंग्लंडात हेरफर्ड येथील ख्रिस्तमंदिरात असे साखळदंडी ग्रंथालय अद्याप पाहावयास मिळते. तेथे ग्रंथ सुरक्षित होते, परंतु घरी कोणासच नेता येत नसत. भारतीय ग्रंथालयशास्त्राचे प्रवर्तक डॉ. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये आपली पाच सूत्रे प्रसिद्ध केली आणि ग्रंथ उपयोगाकरिता आहेत या तत्त्वास त्यांत पहिले स्थान दिले. या तत्त्वाने साखळ्या सुटतात, कपाटांची कुलुपे निघतात, वाचकास स्वतः फळीपर्यंत जाऊन ग्रंथ चाळण्याची मोकळीक मिळते. परंतु एका वाचकाने चित्र कापून नेले की ग्रंथपाल त्या कपाटास पुन्हा कुलूप लावतो, आणि त्याला दोष देता येत नाही. कुलूप एकाच्या करणीने लागते व शंभरांस भोवते. त्या शंभरांत पुस्तक प्रथमच हाताळू पाहणारी मुलेही असतात. कपाट उघडे राहावे की बंद, हे कार्यकारी मंडळ ठरावाने ठरवीत असले तरी तो ठराव वाचकांच्या वर्तनानेच लिहिला जातो.

म्हणून मुलास ग्रंथालयाचा सभासद करताना पालकाने नियमांची यादी पाठ करून घेण्याचे कारण नाही. पुस्तक घरी आले म्हणजे त्यावर चिकटविलेली तारखांची चिठ्ठी त्यास दाखवावी. तीवर एकाखाली एक तारखांचे शिक्के असतात. प्रत्येक शिक्का म्हणजे ते पुस्तक जपून वाचून वेळेवर परत केलेला एक मनुष्य. त्या अनोळखी माणसांनी शब्द पाळला म्हणून आज हे पुस्तक या घरी आले. शेवटच्या शिक्क्याखाली जागा मोकळी असते, आणि ती कोणाकरिता आहे हे मूल विचारल्यावाचून राहणार नाही. त्या प्रश्नाचे उत्तर ज्यास समजले, त्यास वाचकाचा धर्म समजला.